नळीतली ज्योत

प्रयोगशाळेतल्या फिटरची अख्खी नोकरी एका यंत्रापाशी गेली. काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड सोडायचा, मायक्रोवेव्ह लहरी चालू करायच्या, की निळसर ज्योत भडकून डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या वायूचे रेणू फुटायचे. पाहुणे टाळ्या पिटायचे.

घरी बायको उशांना टेकून बसलेली असायची. तिची फुप्फुसं पार थकली होती. तोच मेला वायू तिच्या अंगात साचायचा, काही केल्या बाहेर पडायचा नाही.

"अहो, तुमच्या त्या नळीला सांगा की," ती धापा टाकत हसली, "माझाही थोडा फोड म्हणावं."

फुटल्यावर जे निघतं त्यात कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे त्याहून जहाल विष असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"उद्या विचारतो," तो म्हणाला आणि पुठ्ठ्याने तिला वारा घालत राहिला.