विहिणीच्या गावचं कोरडं नाक

नातीचं नाक माझ्या घरी वाहायचं आणि विहिणीच्या घरी कोरडं राहायचं. एवढ्या एका गोष्टीवरून मी अख्खा उन्हाळा जळत काढला. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा पंचावन्नची होते, म्हणजे अक्कल यायला मला भरपूर वेळ मिळाला होता. ती आली नव्हती, हा भाग वेगळा.

आमचं घर भिवंडीत. खाली यंत्रमाग, वर आम्ही. सकाळची शिफ्ट सुरू झाली की फळीवरचे डबे थरथरायचे, आणि कितीही पुसलं तरी दुपारपर्यंत सगळ्यावर कापसाची पांढरी लव बसायची. नात साडेचार वर्षांची. उठली की ओळीने दहा-बारा शिंका, नाकातून नुसतं पाणी, आणि तळहाताने नाक खालून वर घासायची सवय. ताप नाही, घसा धरलेला नाही. तरी मी त्याला सर्दीच म्हणायची.

गल्लीत मी सर्दीची वैद्यीण होते. तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी, वेखंड, हळद-दूध. आता कळतं की साधं पडसं आठवड्याभरात आपल्या पायांनी येतं तसं आपल्या पायांनी जातं. मी फक्त त्याला दारापर्यंत पोहोचवायची आणि श्रेय घेऊन परत यायची. नातीचं पडसं मात्र जाईना. मग मी तिच्यासाठी खास उशी केली. मागांखाली साचणारं कापसाचं तूस गोळा केलं, तीन दिवस उन्हात घातलं, लाल फुलांच्या खोळीत ठासून भरलं.

खालचा कारीगर मला झाडताना बघून म्हणाला, "अम्मा, ये तो कचरा है. हम लोग इसी के मारे नाक पे गमछा बाँधते हैं."

"तेरे को क्या मालूम? नातीसाठी है," मी म्हटलं. माझ्या हिंदीची आणि माझ्या शहाणपणाची उंची तेव्हा सारखीच होती.

सून अकलोलीची. मे महिन्यात ती लेकीला घेऊन पंधरा दिवस माहेरी गेली. चौथ्या दिवशी विहिणीचा फोन.

"विहीणबाई, पोरगी एकदाबी शिंकली न्हाय बघा. आमची हवाच तशी हाय. आनि माझा काढा!"

"बरं झालं हो," मी म्हटलं, आणि रिसीव्हर इतक्या जोरात ठेवला की ह्यांनी पेपरातून मान वर केली. काढ्यात काय घालते ते विचारायला जीभ वळवळत होती, पण मी विचारते होय!

नात परत आली आणि दुसऱ्याच सकाळी शिंकायला लागली. वर मला म्हणते, "तिकडच्या आजीकडे नाक खाजत नाही."

त्या संध्याकाळी सून चाचरत बोलली, "आई, हिला जूनपासून गावच्या शाळेत घालावं म्हणते. माझी आई सांभाळेल." मुलगा भिंतीकडे बघत होता, म्हणजे आधीच ठरलं होतं.

माझी नात विहिणीकडे वाढणार! तिथली बोली बोलणार, तिच्या कुशीत झोपणार, आणि मी सणासुदीची आजी होणार. मी भांडले नाही, रडले नाही. जून लागताच सून तिला घेऊन निघाली, तेव्हा मी सोबत उशी पाठवली. पोरीने तिकडे निदान माझ्या उशीवर डोकं ठेवावं, एवढाच डाव.

तिसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. "आई, हिला इथेही शिंका सुरू झाल्या."

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. विहिणीचा काढा फसला! मी शिरा केला. हे म्हणाले, "आज काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही, रवा संपवायचा होता."

पण विहीण माझ्यापेक्षा हुशार निघाली. तिने घरात नवीन काय आलंय ते बघितलं आणि दोन दिवस उशी माळ्यावर टाकली. शिंका थांबल्या. मग परत दिली, तर सकाळी पुन्हा सुरू. मग तिने स्वतः फोन केला.

"विहीणबाई, उशीत काय भरलाय?"

दुकानातला कापूस म्हटलं असतं तर दोष भिवंडीच्या हवेवर गेला असता, माझी इभ्रत राहिली असती, आणि नात तिकडेच राहिली असती. खरं बोलले तर नात परत यायची शक्यता, पण पोरीला वर्षभर शिंकायला लावणारी मीच, हे विहिणीच्या तोंडून सगळ्या अकलोलीला कळणार.

"विहीणबाई? हायसा न्हवं?"

"मागाखालचं तूस आहे," मी म्हटलं. "मीच भरलंय."

ती म्हणाली, "अग्गो बाय माझे!" हसली नाही. हसली असती तर मला रागावता तरी आलं असतं.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. ही सर्दी नव्हेच, नाकाला धुळीचं वावडं आहे. ताप नाही, खाज आहे, महिनोन्‌महिने चालतं, म्हणजे पडसं नव्हे. त्यांनी नाकात मारायचा फवारा काही दिवस दिला, कारखान्याकडच्या खिडक्या बंद ठेवायला आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं. शिंका पूर्ण गेल्या नाहीत, पण बारावरून दोनवर आल्या. नातीचं नाव भिवंडीच्याच शाळेत घातलं.

तिला अकलोलीहून पोहोचवायला विहीणच आली होती. आल्या आल्या तिने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून बघितलं, मी ते बघितलं, आणि आम्ही दोघी चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी तिचा घसा धरला, अंग मोडून आलं, नाक चोंदलं.

"हे मात्र खरं पडसं," मी पुड्यातल्या पेढ्यासारखं गोड बोलले. "गरम पाणी प्या, आराम करा, आठवड्यात जाईल. फक्त पोरीला जवळ घेऊ नका हं, लागतं ते. ती माझ्याजवळ झोपेल."

चार दिवस नात माझ्याजवळ झोपली. पाचव्या दिवशी माझं डोकं जड झालं आणि सुनेने लेकीला उचलून आपल्या खोलीत नेलं. आम्हा दोघींना तिने एकाच खोलीत टाकलं, मध्ये एक पातेलं गरम पाण्याचं.

"काढा करू का?" विहिणीने बसक्या आवाजात विचारलं.

"करा," मी म्हटलं. "आणि मोठ्याने सांगत करा, काय काय घालताय ते."

"सांगन," ती म्हणाली, "पन एक जिन्नस सोडून."