पान नंबर सांगा

विभागात तिला सगळे ताईच म्हणायचे. बरीच वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करून ती चाळिशीत पीएचडीला बसली होती, त्यामुळे मार्गदर्शक सरसुद्धा ताईच म्हणत. अर्धांगवायूनंतर माणसं पुन्हा चालायला कशी शिकतात, हा तिचा विषय. सर जाणकार, मनाने चांगले. पण बोलणं सगळं उपमांमधून.

"ताई, पाया कच्चा वाटतोय," असं ते म्हणाले, तेव्हा तिने उन्हाळाभर खपून सिद्धांतांचं नवं प्रकरण लिहिलं. मग म्हणाले, "झाड फार पसरलंय, छाटणी करा." तिने मान डोलावली आणि काळजावर दगड ठेवून पेशंटच्या मुलाखतींचं अख्खं प्रकरण काढून टाकलं.

पुढच्या भेटीत सरांनी पानं उलटली, पुन्हा उलटली. "मुलाखती कुठे गेल्या? अहो, तोच तर तुमच्या कामाचा जीव होता!"

ताई घरी आली ती धुमसतच. नवरा म्हणाला, "सोडून दे. नोकरी आहे, घर आहे, कशाला जिवाला घोर?"

"सोडायचं असतं तर धरलंच नसतं. पण चूक माझीही आहे. कळलं नाही तरी नंदीबैलासारखी मान हलवत बसले."

दुसऱ्या दिवशी ती न विचारताच सरांच्या खोलीत शिरली. खुर्चीवरचा पुस्तकांचा ढीग उचलून खाली ठेवला आणि बसली.

"सर, झाड नको. पान नंबर सांगा."

सर हसले. ती हसली नाही.

"मीही पेशंटला म्हणते, खाली काचा पसरल्यात असं समजून पाऊल उचला. पण सोबत गुडघा धरून दाखवते, आणि काय समजलं तेही विचारते. नाहीतर माणूस पडतो."

सर चष्मा पुसत म्हणाले, "खरं सांगू? पाया कच्चा म्हणालो तेव्हा नेमकं काय खटकतंय, ते मलाच उमगलं नव्हतं. आता मार्गदर्शकाने 'माहीत नाही' कसं म्हणायचं?"

"असंच म्हणायचं. मग दोघं मिळून शोधू."

दुपारभर दोघं पेन्सिल घेऊन बसले. छाटायचं होतं ते निघालं दुसऱ्या प्रकरणात: तिथे इतरांची मतं पानोपान होती, ताईचं स्वतःचं एक वाक्य नव्हतं. घाव वर्मी लागला, पण आता कुठे हात घालायचा ते तरी कळलं. मुलाखती परत आल्या. दुसरं प्रकरण तिने पुन्हा लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. त्यात वर्ष गेलं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षक बाईंनी मुलाखतींवरूनच तिची उलटतपासणी घेतली. ताई सगळ्या प्रश्नांना पुरून उरली. निकाल ऐकून तिने नवऱ्याला फोन लावला, "झालं," एवढंच म्हणाली आणि दवाखान्याकडे निघाली. संध्याकाळचे पेशंट यायची वेळ झाली होती.