सहाणेवरची वेढणी

लेकीला मुलगी झाली आणि बाराव्या दिवशी माझी आई धावड्याहून जालन्याला आली. पिशवीत सहाण आणि कनवटीला सोन्याची वेढणी. वेढणी म्हणजे चोख सोन्याच्या तारेचे बोटाभोवती बसणारे दोन फेरे. नक्षी नाही, खडा नाही. सहाणेवर बदाम, खारीक, हळकुंड, मुरुडशेंग उगाळायची, शेवटी वेढणीचे दोन वळसे द्यायचे आणि ते चाटण दुधात कालवून बाळाला बोटाने चाटवायचं, ही आमच्याकडची गुटी. सोनं पोटात गेलं की लेकरू निरोगी आणि हुशार निघतं म्हणतात. मी तेच चाटून मोठी झाले, तेव्हा हुशारीबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

डॉक्टरीणबाईंनी मात्र सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय थेंबभरही काही द्यायचं नाही, असं बजावलं होतं. लेक डॉक्टरांच्या बाजूची, आई गुटीच्या बाजूची. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या.

आईला नाही म्हणणं सोपं नव्हतं. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. तीन महिन्यांची असताना ती हगवणीने गेली. तेव्हा घरात चोख सोनं नव्हतं. आई शेजारी वेढणी मागायला गेली, तर त्या बाईने "उद्या ये" म्हणून वाटेला लावलं. आईने पुन्हा मागितलं नाही. सोनं चाटवलं नाही म्हणून पोर गेली, हे तिने मनाशी पक्कं धरलं. माझ्या वेळेला तिने मंगळसूत्रातले मणी मोडून, सोनाराकडून चोख करवून ही वेढणी करून घेतली, आणि नंतर गावातली कुणीही दारात आली तरी तिने नाही म्हटलं नाही. आमच्या भावकीतली असो की बौद्ध आळीतली, मुलगा झालाय की मुलगी, काही विचारायचं नाही. वेढणी द्यायची, वर बसवून चहा पाजायचा. गावात तिला मान होता तो या वेढणीचा.

मी ती हातात घेऊन बघितली. एका बाजूने तार चांगलीच बारीक झाली होती. म्हणजे सोनं झिजलं होतं हे नक्की. मग ते गेलं कुठे? एकदा असा प्रश्न डोक्यात शिरला की मला जेवण गोड लागत नाही. आईला म्हटलं, उजळून आणते, आणि जुन्या जालन्यातल्या आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे गेले.

"काका, दगडावर घासल्यावर सोनं खरंच निघतं का?"

ते हसले. काळी कसोटी पुढे ओढून त्यांनी वेढणी तिच्यावर घासली. पिवळीधमक रेघ उठली. "हे काय मंग? निघालंच की!" त्यांनी रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. "दुसरं काही असतं तर रेघ उडून गेली असती. बघा, हलली का? बिलकुल चोख हाये."

मी लगे हात जमिनीतून ते कसं निघतं तेही विचारून घेतलं. त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यातल्या हट्टीच्या खाणीबद्दल सांगायचे म्हणे. "गाडीच्या गाडी दगड फोडायचा, पिठावाणी दळायचा, तवा कुठं चिमटीभर सोनं. पण दगडात इतके दिवस राहून बी गंज न्हाई, डाग न्हाई. त्याला कुणाचंच काही लागत न्हाई, मॅडम."

मी त्या रेघेकडे बघत राहिले. जे तेजाब बोटावर पडलं तर कातडी जाळतं, त्यालाही हे सोनं दाद देत नाही. मग ते तान्ह्या बाळाच्या पोटात काय विरघळणार? सोन्यावर साध्या आम्लांचा परिणाम होत नाही, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण सोनाराची कसोटी आणि आईची सहाण एकच काम करतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गावातल्या लेकरांनी चाटलेलं सोनं लंगोटांतून धुण्याच्या पाण्यात आणि तिथून मिरचीच्या वावरात गेलं असणार.

रिक्षात मला हसू येत होतं आणि धास्तीही वाटत होती. हे सांगायचं म्हणजे म्हातारीचं जन्मभराचं पुण्य काढून घ्यायचं. पण सांगितलं नाही तर ती बाळाला चाटवणार.

आई लंगोटांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं.

"मंग इतक्या लेकरांला दिलं, त्याचं काय झालं?"

"गेलं तसंच बाहेर आलं. अंगी काही लागलं नाही."

आता ती चिडणार म्हणून मी तयारीत होते. तिचे हात थांबले. "बराबर सांगून राह्यली ना? का मला गप करायला?"

"खरंच, आई. तेजाबातसुद्धा विरघळत नाही, माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"म्हंजे त्या बाईनं त्या दिवशी वेढणी दिली असती, तरी माझी पोर..."

"तरी. सोन्यानं ती वाचली नसती."

तिने हातातला लंगोट तोंडाला लावला आणि मोठ्याने रडली. त्या मुलीसाठी रडताना मी तिला कधीच बघितलं नव्हतं. मी पाठीवर हात ठेवून बसले. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले.

"शाळेत किती वर्षं झाले तुला हे शिकवायला?"

"अठ्ठावीस."

"मंग मला का न्हाई सांगितलं गं?"

मला फार लाज वाटली.