पाचवी मूठ

दोंडाईच्यात पितांबर ओळखला जायचा तो गळ्यामुळे. स्टेशनातला तिकीट मास्तर, मिरचीच्या लिलावातला अडत्या, हेडमास्तरांचं लांबवलेलं ‘काऽय म्हणालास?’ – ज्याचा सांगाल त्याचा आवाज तो काढून दाखवी. काकी भागाबाई तर हातखंडा. ती चुलीशी एकटीच पुटपुटत राही आणि हा उंबऱ्यात बसून तिचंच तिला ऐकवी. “मेल्या, मन्हा तोंडमा तूच राहस का?” म्हणत ती पदर तोंडाला लावून हसे.

सत्त्याऐंशी साली तो दहावीत होता. गल्लीच्या गणपती मंडळाने कथास्पर्धा ठेवली. अटी दोनच, गोष्ट स्वतःची हवी आणि स्टेजवर स्वतः वाचायची. मराठीच्या बागुल सरांनी त्याच्या वहीत पात्र, प्रसंग, शेवट असे तीन रकाने आखून दिले. पहिल्या दिवशी पितांबरने त्यात डाकू बसवला, दुसऱ्या दिवशी विमान. सरांनी विचारलं, विमान कधी जवळून पाहिलंयस का? नव्हतं पाहिलं. मग म्हणाले, “कान एवढे तिखट आहेत तुझे. कानांनी ऐकलंय ते लिही.”

कानांनी ऐकलेलं अगदी ताजं होतं. नुकत्याच सरलेल्या श्रावणातलं. कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, त्यांच्या घरी पुरुषमाणसामागे सव्वा मूठ गहू मोजून घेत. पुरुष चार : काका आधार नाना, वडील झुलाल, धाकटा भाऊ मगन आणि तो स्वतः. काकी एकेकाचं नाव घेऊन सुपात मूठ सोडत होती. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, म्हणून तिथे नुसतं ‘घरधनी’. चौथी मूठ झाली. तिने दाराकडे पाहिलं, आवाज न करता ओठ हलवले, पाचवी मूठ सोडली आणि वर खोटंच खोकली.

ती मूठ उखर्डूची. तिच्या एकुलत्या एक मुलाची. बापाने चारचौघांत थोबाडीत मारली म्हणून सहा वर्षांपूर्वी तो घर सोडून गेला, तो गेलाच. तेव्हापासून नानांचा हुकूम होता : तो मला मेला, त्याच्या नावाचा दाणा या घरात मोजायचा नाही.

पितांबरने नावं बदलली. भागाबाईची शेवंता केली, दोंडाईचा उचलून शिंदखेड्याला नेलं आणि शेवटी पोरगा घरी आणला. सर म्हणाले, घरी तर सगळेच आणतात रे, तार येऊ दे. तार आली. पोरगा सुरतेला मेला. वाचता वाचता सरांचेच डोळे पाणावले, तेव्हा पितांबरला वाटलं, जमली.

स्टेजवर तो वाचतच नव्हता, शेवंता होऊन बसला होता. सूप नव्हतं तर वही मांडीवर घेतली. पाचव्या मुठीला ओठ हलवले, खोकला. बायका हुंदके देऊ लागल्या. पहिल्या रांगेत खुर्चीवर नाना होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली.

घरी नानांनी एवढंच विचारलं की, गोष्ट आणली कुठून. पितांबर म्हणाला, मनातून. स्पर्धेची अटच तशी होती.

“नावं तुन्हा मनमातली व्हतीन,” नाना म्हणाले. “खोकला कोना व्हता?”

बक्षिसाचा स्टीलचा डबा त्याच्या हातातच राहिला.

पुढच्या श्रावणात नाना स्वतः सुपाशी बसले. चार मुठी मोजल्या, पोत्याचं तोंड बांधलं आणि पोतं उचलून आपल्या खाटेखाली ठेवलं. काकी तेवढ्याच गव्हातले खडे वेचत राहिली. तशीही ती वर्षभर चुलीशी पुटपुटत नव्हती. घरात कान आहेत, हे तिला कळलं होतं. पितांबरनेही तिचा आवाज काढणं सोडलं होतं. त्या दिवशी रोटाचा पहिलाच घास त्याने ताटात परत ठेवला.

तो उठून तिच्याजवळ गेला. काय बोलायचं ते त्याने आधी ठरवलं होतं, गोष्टीसारखंच, सुरुवात आणि शेवट धरून. तोंडातून निघालं ते एवढंच : “काकी, मनी चूक व्हयनी.”

काकीने भांडं घासायचं थांबवलं नाही. राखेचा हात फिरवत तिने खालच्या आवाजात विचारलं, “तुन्ही गोष्टमा तो पोऱ्या घर उना का?”

तिला वाचता येत नव्हतं. त्या रात्री ती स्टेजसमोर नव्हती, आणि मेलेल्या पोराची गोष्ट तिच्यासमोर गल्लीत कुणी काढली नव्हती. नानांनी तिला मुठीवरून सुनावलं होतं. तारेबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते.

“उना,” पितांबर म्हणाला.

आता मात्र तिचा हात थांबला. कोणत्या गाडीने आला, तिने विचारलं. दुपारच्या, सुरतेच्या. अंगावर काय होतं? पांढरा सदरा. खाल्लं काय त्याने? पितांबरने भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. वांगं तर तो तोंडात धरत नाही, काकी म्हणाली. पितांबरने घाईघाईने भरीत काढलं, उडदाची डाळ वाढली. ती मान हलवत ऐकत होती, पुढचं पुढचं विचारत होती, आणि तो कुणाचाही आवाज न काढता एकामागून एक खोटं रचत होता.

बाहेर ओसरीवर नानांची खाट करकरली. काकी त्याच्याजवळ सरकली.

“मंग बाप काय बोलना त्याले?”

पितांबरने ओसरीवरच्या खाटेकडे पाहिलं.