आबाळ

आई अंगणात सकाळच्या उन्हाला बसली होती. तिची नखं वाढून वाकली होती आणि पातळाच्या काठावर आमटीचा वाळलेला डाग होता. ती माझ्या थोरल्या भावाकडे राहते. मी दिवाळीनंतर पहिल्यांदाच तिला भेटायला आलो होतो.

स्वयंपाकघरात जाऊन मी वहिनीला हळूच म्हटलं, "आईची फार आबाळ होतेय."

वहिनी पोळ्या लाटत होती. तिच्या दुखऱ्या मनगटाला बँडेज होतं. लाटणं थांबवून ती म्हणाली, "आबाळ आपोआप होत नाही, भाऊजी. कुणीतरी करतं, म्हणून होते. मी करत असेन, तर तुम्हीही करता. फक्त लांबून."

माझी मान खाली गेली. किती सोयीचा शब्द काढला होता मी! सर्दी होते, उशीर होतो, तशी आबाळही होते. कुणी केली ते सांगावं लागत नाही. वर हळव्या आवाजात तो नुसता उच्चारला, तरी आपण माणसाची काळजी घेतली असं वाटतं. मला तसंच वाटलं होतं, वहिनी बोलेपर्यंत.

मी नेलकटर घेऊन अंगणात गेलो, आईपुढे बसलो आणि तिचा हात हातात घेतला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

"राहू दे रे," ती समजुतीने म्हणाली, "तुझी गाडी चुकेल."

गाडी संध्याकाळची होती.