मास्तरांचं विकतचं दुखणं

सकाळचे साडेसात. गॅसवर दूध, मशीनमध्ये कपडे, आणि लेक एका हाताने केस विंचरत दुसऱ्या हाताने डब्याचं झाकण शोधत होती. झाकण तिच्यासमोरच होतं, पण सांगून बोलणी कोण खाणार, म्हणून मी गप्प होते. तेवढ्यात कुणीतरी बोटांनी दार ठोठावलं.

दारात मास्तर. पाठीवर हत्यारांची पिशवी, हातात नव्या कुलपाचं खोकं.

"वहिनी, कुलूप बदलायला आलोय."

"मी कुठं बोलावलं होतं?"

"नाही बोलावलंत. पैसे नकोत."

पैसे नकोत म्हणणारा कारागीर दारात उभा राहिला की आनंद होत नाही, धास्ती वाटते. मी नुसती बघत राहिले. मागे दूध उतू गेलं ते वेगळंच.

हे मास्तर कुठल्या शाळेचे नव्हेत. कोपऱ्यावरचं चिंचोळं दुकान, जेमतेम एक माणूस आडवा मावेल एवढं, ते त्यांचं. किल्ली घासता घासता गिऱ्हाइकाला कुलपाची जडणघडण समजावून सांगायची खोड, म्हणून नाव पडलं मास्तर. धंदा मामांकडून शिकले. मामांनी दोन वर्षं नुसती कानस धरायला लावली आणि एक नियम पाठ करून घेतला: किल्ली आणि घर एका जागी लिहायचं नाही. किल्लीला नंबर द्यायचा, नंबर कुणाचा ते डोक्यात ठेवायचं.

पण मास्तरांचं वय साठीकडे झुकलं, डोकं भरत चाललं. मग त्यांनी स्वतःची युक्ती काढली. जी किल्ली बनवायची तिचा, माप कळावं म्हणून चौकोन आखलेल्या कागदावर ठेवून, फोटो काढायचा आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकायचा. किल्ली हरवली की फोटो बघून तासाभरात नवी तयार, दार फोडायला नको. आमच्या इमारतीत या सोयीचं केवढं कौतुक. मी स्वतः दोनदा किल्ली आत विसरून बाहेर उभी राहिलेली बाई आहे. फोटोखाली मास्तरांनी घराचा नंबर घातला होता, हे मात्र आम्हांला ठाऊक नव्हतं. विचारायचं सुचलंही नव्हतं.

"आत या आधी," लेक म्हणाली. "काका, काय झालंय?"

मास्तर आत आले, पण बसले नाहीत. दाराजवळच गुडघे टेकून जुन्या लॅचचे स्क्रू काढायला लागले. हात चालू असले की त्यांचं तोंड चालतं, हे मला माहीत होतं.

"त्या पत्त्यांच्या खेळाचं झालं," ते म्हणाले. "पोकर. कॉम्प्युटरवरचा."

हल्ली लोक बोटाचा ठसा लावून उघडणारी कुलपं बसवतात, त्यामुळे मास्तरांच्या दुकानात दुपार रिकामीच जाते. त्या रिकाम्या वेळेत ते खेळायला लागले. पोकरमध्ये प्रत्येकाची दोन पानं झाकलेली असतात, ती फक्त ज्याची त्याला दिसतात, आणि बाकीच्यांकडे काय असेल याचा अंदाज बांधत पैसे लावायचे. मास्तर बहुतेक हरायचे.

"मग एका माणसाचा मेसेज आला. म्हणे, आमचं सॉफ्टवेअर घ्या, सगळ्यांची झाकलेली पानं दिसतील. वहिनी, मी आयुष्यभर बघत आलोय, कुलूप आहे म्हणजे त्याची किल्ली असतेच. म्हटलं, याचीही असेल."

"आणि घेतलंत?"

"घेतलं. तो म्हणाला, कॉम्प्युटरची राखण करणारं जे असतं ते आधी बंद करा आणि आम्हांला सगळी परवानगी द्या, नाहीतर काम होत नाही. यात मला काहीच वावगं वाटलं नाही. मीसुद्धा लोकांना तेच सांगतो ना? आतली कडी काढा, मला आत घ्या, त्याशिवाय कुलूप कसं दुरुस्त करू?"

लेकीने कपाळाला हात लावला. ती कार्यालयात कॉम्प्युटरचंच काम बघते. "काका, दुसऱ्याची पानं तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत येतच नाहीत. ती खेळ चालवणाऱ्यांकडे राहतात. जे आलंच नाही ते दिसणार कसं?"

"पण दिसत होती ना. बदाम राजा, चौकट दश्शी. चांगली रंगीत."

"दिसत असतील. पण खेळणाऱ्यांची नव्हेत. त्या सॉफ्टवेअरने मनाने काढलेली."

मास्तरांचा पेचकस थांबला. हे त्यांना पचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही कळायला वेळ लागला. "दोनदा जिंकलो की मी," ते म्हणाले.

"त्याआधी कधी जिंकला नव्हतात?"

"जिंकायचो. अधूनमधून."

"तेच हे."

"आणि हरायचो तेव्हा मला वाटायचं, समोरच्याकडे याहून महागातलं सॉफ्टवेअर असणार."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. पुढे आठवड्याभरात खेळवाल्यांना चोरटं सॉफ्टवेअर सापडलं आणि त्यांनी मास्तरांचं खातं बंद केलं. विकणाऱ्याला फोन लावला तर तो लागेना. इथवर झालं असतं तर मीही म्हटलं असतं, हात दाखवून अवलक्षण, सोडा आता. पण मास्तर खाली मान घालून बोलत राहिले.

"काल दुपारी दुकानात बसलो होतो. माउसला माझा हातही नव्हता. आणि पडद्यावरचा बाण चालायला लागला, आपला आपण. मी बघतच राहिलो. मला वाटलं, बंद पडलेलं सॉफ्टवेअर सुरू होतंय. तो बाण गेला किल्ल्यांच्या फोटोंवर. एक उघडला, दुसरा उघडला, भराभर खाली गेला. मग मी प्लग उपटला."

लेकीने हातातला डबा खाली ठेवला.

"फोटो नेले का त्यांनी?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही. फोटो जागच्या जागी आहेत. फोटो नेला म्हणून जागा रिकामी होत नाही ना. किल्ली नेली की खुंटी मोकळी दिसते. याचं काय दिसणार?" त्यांनी लेकीकडे पाहिलं. "ताई, तू सांग. नेले की नाही नेले?"

"सांगता येत नाही, काका. त्या सॉफ्टवेअरच्या आडून ते तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले होते, तेव्हा नेले असं धरूनच चालायचं."

"धरूनच चाललोय," मास्तर म्हणाले. "माझ्यासारख्या कारागिराला फोटो पुरतो. तासाभराचं काम. मामा असते तर म्हणाले असते, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यास, तेही पदरचे पैसे मोजून."

नवं लॅच बसलं. त्यांनी किल्ली दोनदा फिरवून पाहिली आणि तीनही किल्ल्या माझ्या हातात दिल्या. सवयीने खिशातला फोन बाहेर काढला, आणि फोटो न काढताच परत ठेवला.

"पोलिसांत गेलात?" लेकीने विचारलं.

"जाऊन काय सांगू? फसवायला निघालो होतो, त्यात फसलो?"

"तेच सांगा. अगदी तसंच."

"जातो. पण आधी दारं. त्या फोटोंमध्ये एकतीस घरं आहेत. तुमचं पहिलं." ते जरा घुटमळले. "पहिलं तुमचं का, तर तुम्ही ओरडणार नाही म्हणून."

ओरडावं असं माझ्या मनात होतं, नव्हतं असं नाही. या माणसाने माझ्या घराची किल्ली पत्त्यासकट मांडून ठेवली, तिच्यावर पत्ते खेळला, आणि आता माझ्याच उंबऱ्यात गुडघे टेकून लाकडाचा भुसा हाताने गोळा करत होता. रागावू की चहा ठेवू, हे मला ठरवता येईना.

"फाटकावर एक कागद लावून टाका," मी म्हटलं. "सगळे वाचतील."

"नको वहिनी. तो कागद नको त्या माणसानेही वाचला तर? आणि लोक म्हणतील, मास्तर चिठ्ठी चिकटवून पळाला. शिवाय पूर्वी मी नुसतं 'मास्तर' म्हटलं की दार उघडायचे. आज हे ऐकल्यावर कुलपाला हात लावू देतील का? मी असतो तर नसता लावू दिला."

"मग मी काय करू?"

मास्तरांनी पिशवी खांद्याला लावली.

"माझ्याबरोबर घरोघर चला. बोलेन मीच, सगळं सांगेन, खेळाचंसुद्धा. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा."