रमजान तेलवाल्याची पाटी

मांडवीत रमजान तेलवाला म्हटलं की नवखा माणूस आधी खोबरेल मागायचा. पोस्टात बदलून आलेल्या एका बाईंनी तर चक्क घाण्याचा पत्ता विचारला होता. आता त्यांना कोण सांगणार, की ह्या म्हाताऱ्याने उभ्या जन्मात तेल विकलं नाही, मालवाहू बोटीच्या इंजिनाला घातलं! तीस वर्षं तो बोटीच्या पोटात तेलाचा डबा घेऊन फिरला. इंजिनाने त्याच्या मोबदल्यात त्याचे कान ठेवून घेतले. पुढे साखरेने डोळे धरले. बाकी शहात्तराव्या वर्षी माणूस खणखणीत. रोज सकाळी राजिवड्याला खाडीवर चालत जायचा, होड्या बांधणाऱ्या गंगाराम सुताराची चूक काढायचा आणि भूक लागली की घरी यायचा.

त्याची मुलगी लग्न होऊन चिपळूणला, मुलगा फहाद मस्कतला. फोनवर फहादने ओरडायचं, ह्याने 'आँ? आँ?' करायचं, की मरियम, म्हणजे सून, फोन आपल्या हातात घ्यायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी सुट्टीला येताना फहादने दोन ई-रीडर आणले, एक स्वतःला आणि एक बापाला. पुस्तकं वाचायचं यंत्र, पण त्यावर पत्रंही येतात. त्याला स्वतःचा ईमेलचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर कागद पाठवला की तो आत उमटतो आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. रमजान त्याला पाटी म्हणायचा. शाळेत चौथीपर्यंत पाटीच होती, आणि ही तिच्याहून हलकी.

पाटी चालू करून दिली नातीने, समरीनने. ती म्हणाली, "दादा, बाबांचं खातं वेगळं करू, तुमचं वेगळं."

"कशाला वेगळं? आपलं घर एक ना?"

"घर एक आहे, पण कागद मिसळतील."

"मिसळू देत. आमच्या टायमाला काय होतं ठाऊक आहे?" आणि त्याने सुरुवात केली. समरीनने हे पंचवीसदा ऐकलं होतं. आखातातून कोणी गावी यायला निघाला की आजूबाजूची सगळी माणसं आपली पत्रं त्याच्याकडे द्यायची. तो एकच जाडजूड पाकीट आणायचा, आठ घरांचं. ते उघडायचं मशिदीपाशी मुसाच्या दुकानात, सगळ्यांसमोर. रमजान सुट्टीवर असला की वाचायचं काम त्याचं. बायका पदर तोंडाला लावून उभ्या. कोणाचा नवरा येणार, कोणाचा नाही, सगळं तिथेच कळायचं. एकदा हुरमतच्या नवऱ्याने लिहिलं होतं, यंदा येत नाही. मुसा खुणा करत होता, गाळ ते वाक्य. रमजानने गाळलं नाही. हुरमत आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही, नवव्या दिवशी कालवणाचा वाडगा घेऊन आली.

"तेव्हा पत्ता एकच ठेव," रमजानने सांगितलं. समरीनने खांदे उडवले आणि दोन्ही यंत्रं एकाच खात्यावर घातली.

दर शुक्रवारी पत्र यायचं. नमाज करून आला की रमजान ओट्यावर बसायचा, अक्षर एवढं मोठं करायचा की एका ओळीत तीन शब्द मावायचे. जवळचं माणूस सावकाश बोलतं तसं वाटायचं त्याला. उत्तर तो सांगायचा, समरीन आपल्या मोबाईलवर टाइप करून धाडायची.

गेल्या दिवाळीच्या सुमारास फहादने लिहिलं, 'अब्बा, आता पुरे झालं. पुढच्या ऑगस्टात कायमचा येतो. दोघं मिळून होडी बांधू.'

मग काय विचारता! रमजानने गंगारामला गाठलं. आईनाचं लाकूड स्वतः हात लावून निवडलं. होडीत बसायच्या फळ्या किती रुंद, इंजिन कुठे, सगळं त्याचं ठरलेलं. गंगाराम वैतागून म्हणायचा, "रमजानभाय, तुमी बोटीवर तेल घालत होतात की बोट बांधत होतात?"

"तेल घालणाऱ्याला बोट आतून कळते. तू बाहेरून बघतोस."

"आतून बघा तर मग. पण फळी धरून बघा, पडाल."

एप्रिलच्या पत्रात होतं, 'राजीनामा दिला.' त्या दिवशी रमजानने गंगारामला घरी बोलावून सुरमई खाऊ घातली.

जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी त्याने पाटी उघडली तर पत्राच्या वर आणखी एक कागद. इंग्रजी नाव. रमजानचं इंग्रजी म्हणजे बोटीवरचं, तुटकं. गोष्टीचं पुस्तक त्याला वाचता आलं नसतं. पण करार? करारावर त्याने अकरा वेळा सही केली होती. मुदत कुठे लिहितात, रुजू व्हायची तारीख कुठे, घरच्यांचा रकाना कुठे, हे त्याला डोळे मिटून सापडलं असतं.

त्याने अक्षर मोठं केलं. एका ओळीत दोन शब्द. नाव फहादचं. मुदत पाच वर्षं. नूतनीकरण. सही मार्चची.

मार्च. राजीनाम्याचं पत्र एप्रिलचं.

त्याने पान सरकवलं. घरच्यांच्या रकान्यात पत्नी एक, मुलगी एक. खाली पासपोर्टच्या प्रती. करड्या रंगात मरियमचा फोटो, नव्या चष्म्यातला. तो चष्मा तिने एप्रिलमध्ये घेतला होता, आणि त्याच दिवशी 'समरीनच्या कॉलेजचा फॉर्म आहे' म्हणून दोघी मायलेकी गावात गेल्या होत्या. येताना त्याला खाजा आणला होता. त्याने तो आवडीने खाल्लाही होता.

माणसाला एका जागी बसून किती गोष्टी आठवतात बघा. स्वयंपाकघरात फोनचा स्पीकर लावून मरियम बोलायची, तो चार हातांवर बसलेला असायचा. तिचे ओठ हलायचे, समरीन त्याच्याकडे बघून हसायची, तोही हसायचा. त्याला वाटायचं, घरातली माणसं आनंदात आहेत, होडीचंच बोलत असतील.

मरियम ताट घेऊन बाहेर आली. "अब्बा, जेवून घ्या." हे ती खुणेने सांगायची.

"तुझा चष्म्यातला फोटो बरा आलाय," रमजान म्हणाला.

मरियमने ताट ठेवलं. पाटीकडे बघितलं. मग तिने समरीनला हाक मारली, आणि त्या हाकेचा आवाज रमजानलासुद्धा ऐकू गेला.

समरीन आली, पान बघितलं, खाली बसली. मग तिने मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे धरलं : 'व्हिसाच्या कामाला हवे म्हणून बाबांनी कागद स्वतःच्या रीडरवर पाठवले. खातं एकच आहे ना, दादा.'

"कधी जाणार?"

समरीनने बोटांनी दाखवलं, सप्टेंबर.

"आणि मी?"

मरियम त्याच्या कानाशी वाकली. "चिपळूणला नणंदबाईंकडे. बोलणं झालंय."

"कोणाशी झालंय?"

तिने ताट त्याच्याजवळ सरकवलं. ती म्हणाली, "तुम्हाला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं. प्रेशर आहे तुम्हाला."

"म्हणून होडी बांधू दिलीत?"

"तुम्ही खुशीत होतात, अब्बा."

ताट तसंच राहिलं. संध्याकाळी फहादचा फोन आला. समरीनने तो रमजानच्या कानाला लावला. पलीकडून फहाद ओरडत होता, मुलीचं शिक्षण, गावात काय आहे, ऑगस्टच्या आधी सांगणारच होतो. रमजानला तुकडे ऐकू आले. तो म्हणाला, "मीसुद्धा बापाला खरं लिहिलं होतं, पाच वर्षं येत नाही. तो रडला. पण त्याने माझी वाट बघत होडी नाही बांधली." आणि फोन समरीनकडे दिला.

दुसऱ्या दिवशी तो राजिवड्याला गेला. गंगाराम फळीला रंधा मारत होता.

"फहाद येत नाही," रमजानने सांगितलं.

"ऑगस्टात नाय काय? मग दिवाळीला?"

"पाच वर्षं नाही. पुढचं माहीत नाही. बायको-पोर पण चालली."

गंगारामने रंधा खाली ठेवला. एरवी त्याच्या तोंडाला खळ नसते. आता त्याने फक्त विचारलं, "मग ही कोणाची?"

"तुझ्या मुलाला, शिवाला दे. त्याला धंद्याला हवीच आहे."

"तुमी बसाल तिच्यात?"

"इंजिनाला तेल कोण घालणार मग? आणि चिपळूणला मी जात नाही. तिथे समुद्र कुठे आहे?"

घरी येऊन त्याने समरीनला हाक मारली. "लिहून घे." ती मोबाईल घेऊन बसली. त्याने सांगितलं : 'चिरंजीव फहाद यास, होडी शिवाला दिली. मी इथेच राहणार. तू मार्चपासून माझ्याशी खोटं बोललास, आणि माझ्या घरातल्या माणसांना बोलायला लावलंस. मस्कतला सांभाळून राहा.'

"आधी माझ्या पाटीवर पाठव. मला बघायचंय."

खाती समरीनने काल रात्रीच वेगळी केली होती, त्यामुळे कागद फक्त ह्याच पाटीवर आला. रमजानने अक्षर मोठं केलं आणि बोट ठेवून ठेवून वाचलं. होडी होती, शिवा होता, इथेच राहणार होतं. पुढे लिहिलं होतं, 'तू मला आधी सांगायला हवं होतंस.'

रमजानने पाटी तिच्यापुढे सरकवली. "मी असं बोललो?"

समरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबांना वाईट वाटेल, दादा," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"वाटू दे. मी सांगितलं ते लिही."

तिने नाक पुसलं आणि पुन्हा टाइप करायला घेतलं. दुसऱ्यांदा कागद आला तेव्हा ते वाक्य होतं, शब्द न् शब्द तसंच. रमजानने ते वाचलं, मग आणखी एकदा वाचलं आणि म्हणाला, "आता पाठव."